बेस पक्का, तर गाणे पक्के!

अष्टमीची रात्र. बजबजच्या एका पाड्यात, म्हणजे आपल्या भाषेत आळीत, पूजामंडपासमोर खुर्च्या भरल्या होत्या. ढाकाचा आवाज थांबला, दिवे मंद झाले आणि पाड्यातल्याच पाच मुलांचा बँड मंचावर आला. त्यातला बेस गिटार खांद्याला लावलेला किडकिडीत मुलगा म्हणजे माझा भाचा. आमची ताई गेली कित्येक वर्षे नवऱ्याच्या नोकरीमुळे बजबजला राहते. हुगळीकाठी तेलकंपन्यांचे मोठमोठे डेपो आहेत, त्यांपैकी एकात भावोजी काम करतात.

पहिले गाणे सुरू झाले आणि स्पीकरमधून 'भुंऽऽ' असा एकसुरी आवाज येऊ लागला. जणू मंडपात मोठा भुंगा शिरला होता. दुसऱ्या गाण्यात बेसचा आवाज येईना, मग आला, पुन्हा गेला. तिसऱ्या गाण्यात भाचा कोरसला साथ द्यायला माइकजवळ गेला, ओठ माइकला लागले आणि तो दचकून मागे सरला. त्याला विजेचा झटका बसला होता. थोडक्यात निभावले, पण पहिल्या रांगेत बसलेल्या ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "उद्याच्या उद्या विकून टाक ते."

भाच्याचे म्हणणे वेगळे होते. "आई, वाद्यच जुनं आहे. चांगला परदेशी पाच तारांचा बेस घेतला असता तर असं झालंच नसतं." त्याने सांगितलेली किंमत ऐकून भावोजींनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरले ते बराच वेळ खाली घेतले नाही.

वाद्य विकायचे, की नवे घ्यायचे? त्या घरात दोनच पर्याय दिसत होते. तिसरा पर्याय आहे, आणि बहुतेक वेळा तोच खरा असतो, हे पुढच्या काही आठवड्यांत त्या भाच्याबरोबर हिंडताना मला समजले. घरात गिटारवेडे मूल असलेल्या प्रत्येक आईवडिलांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

ऐकू येत नाही, पण नसला की कळते

बेस गिटार म्हणजे नेमके काय? साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार. त्या जाड असतात, मान लांब असते आणि आवाज एक सप्तक खाली असतो. तबल्यात डग्ग्याचे जे काम, तेच बँडमध्ये बेसचे. श्रोत्याचे लक्ष गायकाकडे असते, पण डग्गा काढून घेतला तर तबला जसा कोरडा वाटेल, तसे बेसविना गाणे पोकळ वाटते. ताल आणि सूर यांना जोडणारा दुवा म्हणजे बेस.

पूर्वी हे काम माणसाच्या उंचीचा डबल बेस करी. तो उभा राहून वाजवावा लागे, वाहून न्यायला टेम्पो लागे आणि ड्रम वाजू लागले की त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेत लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने 1951 मध्ये यावर तोड काढली. त्याने गिटारसारखा गळ्यात अडकवायचा विजेवरचा बेस बाजारात आणला. मानेवर पडदे असल्यामुळे सूर अचूक लागत, म्हणून त्याचे नाव ठेवले 'प्रिसिजन बेस'. 1960 मध्ये त्याच कंपनीचा 'जाझ बेस' आला. आज जगभर विकले जाणारे बहुसंख्य बेस या दोघांचेच भाऊबंद आहेत.

आपल्या सिनेसंगीतातही हे वाद्य मुरले आहे. कलकत्त्यात जन्मलेल्या राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हे बेस वाजवत. त्या काळची गाणी आज चांगल्या स्पीकरवर ऐका आणि लक्ष मुद्दाम खालच्या सुरांकडे द्या. इतकी वर्षे ऐकलेले गाणे नव्याने भेटेल.

निवड करताना : नाव नव्हे, हात बघा

कलकत्त्यात वाद्यांच्या बाजारासाठी लालबझारजवळच्या रवींद्र सरणीवर जावे लागते. जुने लोक या रस्त्याला आजही चितपूर रोड म्हणतात. मुंबईकरांना धोबीतलावचे, 1865 पासूनचे फुर्टाडोज जसे ठाऊक, तसे कलकत्तेकरांना हे दुकानांचे रांगडे जग. भाच्याला घेऊन मी बजबज लोकलने निघालो. नुंगी, आक्रा, संतोषपूर, माझेरहाट अशी स्टेशने मागे पडत होती. गर्दीच्या डब्यात खांद्यावरचा बेस सांभाळताना पोराची होणारी तारांबळ पाहिली आणि निवडीचा पहिला नियम डब्यातच समजला : वजन.

साधारण बेस चार ते साडेचार किलोंचा असतो. काही त्याहून जड असतात. दोन तास उभे राहून वाजवायचे तर हे वजन डाव्या खांद्यावर आणि पाठीवर येते. दुकानात बसून पाच मिनिटे वाजवून पाहू नका. पट्टा लावून निदान पंधरा मिनिटे उभे राहा. दोन्ही हात सोडल्यावर मान खाली झुकते का, तेही पाहा. झुकत असेल, तर डावा हात सूर धरण्याऐवजी मान उचलून धरण्यातच दमतो.

दुसरी गोष्ट लांबी. घोडीपासून मानेच्या टोकावरच्या पट्टीपर्यंत तारेचा जो भाग कंप पावतो, तो नेहमीच्या बेसमध्ये 34 इंच असतो. लहान चणीच्या मुलामुलींसाठी 30 इंचांच्या आसपासचे बेसही मिळतात. त्यांना कमी दर्जाचे समजू नये. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी ज्यासाठी ओळखला जातो, तो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस असाच आखूड आणि हलका आहे. 1961 मध्ये हॅम्बुर्गला त्याने तो घेतला, कारण खिशाला परवडत होता. तो 1972 मध्ये चोरीला गेला आणि अर्ध्या शतकानंतर त्याला परत मिळाला. ही बातमी फेब्रुवारी 2024 मध्ये जगभर छापून आली.

तिसरी गोष्ट, तारा चार की पाच? पाचवी तार आणखी खालचे सूर देते. गायकाची पट्टी खाली असेल किंवा की-बोर्डच्या खर्जाबरोबर वाजवायचे असेल तर ती उपयोगी पडते. पण मान रुंद होते, वजन वाढते आणि न वाजणाऱ्या तारा दाबून गप्प ठेवण्याचे काम वाढते. शिकणाऱ्याने आधी चार तारा ताब्यात आणाव्यात हे बरे.

जुना बेस घेत असाल तर एवढे तपासा : मान डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी सरळ आहे का पाहा, पीळ पडलेली मान घेऊ नका. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून वाजवा, कुठे खरखरते का ऐका. बटणे फिरवताना कर्रकर्र आवाज येतो का, वायर हलवल्यावर आवाज जातो का, हेही पाहा. शेवटचे दोन दोष असतील तर घाबरू नका, ते दुरुस्त होतात आणि त्यावर किंमत मात्र कमी करून घेता येते.

दुरुस्ती आधी, खरेदी नंतर

चितपूरच्या एका बोळात वाद्ये दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर भेटले. त्यांनी भाच्याचा बेस हातात घेतला, मान डोळ्यासमोर धरली, तारा छेडल्या आणि हसून बंगालीत म्हणाले, "वाद्याला काही झालेलं नाही. त्याच्याकडे कुणी बघितलेलं नाही."

बजबजसारख्या नदीकाठच्या गावात पावसाळाभर हवा दमट असते. लाकूड ओल शोषते, हिवाळ्यात ती सोडते आणि त्याबरोबर मान किंचित वाकते. मानेच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, ती पिळून हा बाक सुधारता येतो. पहिला आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबला, तर मधल्या आठव्या पडद्यावर तार आणि पडदा यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट असावी. कारागिरांनी सळई एका वेळी पाव फेराच फिरवली, तारा पुन्हा सुरात लावल्या आणि मग तपासले. जोर लावून एकदम फिरवली तर सळई तुटते आणि वाद्य कायमचे जाते.

मग त्यांनी घोडीवरची तारांची उंची कमी केली. त्यानंतर बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा सूर आणि त्याच जागी तारेला नुसते बोट टेकवून येणारा सूर एकच आहे का, ते पाहिले. तो एक नसेल तर खाली सुरात वाटणारे वाद्य वरच्या पडद्यांवर बेसूर होते. घोडीवरचे छोटे स्क्रू मागेपुढे करून हे जमवता येते. एवढ्यानेच वाद्य निम्मे हलके वाटू लागले, असे भाच्याने सांगितले.

भुंग्याचे मूळ

आता त्या भुणभुणीकडे येऊ. बेसच्या तारांखाली पिकअप असतो. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. लोखंडी तार हलली की त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते आणि तीच पुढे मोठी होऊन आवाज बनते. पण ही गुंडाळी बिचारी भोळी असते. तारेचा कंप जसा टिपते, तशी मंडपातल्या रोषणाईची आणि ट्रान्सफॉर्मरची भुणभुणही टिपते.

आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तने पूर्ण करते. बेसच्या सर्वांत जाड तारेचा कंप सेकंदाला सुमारे 41 वेळा होतो, तिच्या पुढच्या तारेचा 55. म्हणजे विजेची भुणभुण बरोबर या दोघींच्या मधे येऊन बसते! म्हणूनच मिक्सरवरचे बटण फिरवून ती काढायला गेले की तिच्याबरोबर बेसही जातो. ती मुळातच रोखावी लागते.

त्यासाठी कारागिरांनी तीन कामे केली. वाद्याच्या पोटातल्या खोबणीला आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो अर्थच्या तारेला जोडला. घोडीखालून येणारी अर्थची तार सुटली होती, ती डाग देऊन पक्की केली. वायर खोचायचे जॅक गंजले होते, ते बदलले. आवाज येत-जात होता तो या जॅकमुळेच. मंचावरच्या निम्म्या फजित्यांना जॅक आणि वायरच जबाबदार असतात, असे त्यांचे म्हणणे.

पिकअप बदलावा का? एकेरी गुंडाळीचा पिकअप भुणभुण जास्त टिपतो. उलटसुलट जोडलेल्या दोन गुंडाळ्यांचा पिकअप ती आपसांतच रद्द करतो. फेंडरने 1957 पासून प्रिसिजन बेसमध्ये असाच दोन तुकड्यांचा पिकअप बसवला. जाझ बेसचे दोन पिकअप दोन्ही बटणे पूर्ण उघडी ठेवली तर हेच करतात. तेव्हा आधी बटणे उघडून पाहा, पत्रा लावून पाहा. तरीही भागले नाही तर पिकअप बदला. घेण्यापूर्वी जुन्याची लांबी-रुंदी मात्र मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. काढलेला जुना भाग कधी फेकू नका, पुढे वाद्य विकायचे झाले तर त्याला किंमत असते.

आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला बेस असेल, तर वाजवून झाल्यावर वायर उपसून ठेवावी. बहुतेक बेसमध्ये वायर खोचलेली असली की नऊ व्होल्टची बॅटरी संपत राहते आणि नेमकी कार्यक्रमात दगा देते.

तारा, पट्टा आणि दोन थोर वादक

तारांचे मुख्यतः दोन प्रकार असतात. गोल वेढ्यांच्या तारांचा आवाज झणझणीत, चपट्या वेढ्यांच्या तारांचा घुमारेदार आणि मऊ. रवींद्रसंगीत, भावगीते, जुनी सिनेगीते वाजवणाऱ्याला चपट्या तारा शोभतात, बोटांनाही त्या कमी टोचतात. रॉक वाजवायचे तर गोल बऱ्या. घामाने तारा गंजतात. वाजवल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसल्या तर त्या कितीतरी जास्त टिकतात.

पट्टा निदान तीन इंच रुंद घ्यावा आणि तो निसटू नये म्हणून कुलपासारखी बसणारी बटणे लावावीत. खर्च थोडा असतो, पण साडेचार किलोंचे वाद्य पायावर पडण्यापासून वाचते.

आणि एक सावधगिरी. एका वेळी एकच बदल करा. सगळे एकदम बदलले तर कशाने काय झाले हे कळत नाही. अमेरिकेच्या मोटाउन कंपनीत 1960 च्या दशकात असंख्य गाजलेल्या गाण्यांना बेस देणारा जेम्स जेमर्सन वर्षानुवर्षे एकच प्रिसिजन बेस आणि त्याच चपट्या तारा वापरत राहिला. उलट जॅको पास्टोरियसने आपल्या 1962 च्या जाझ बेसवर पडदे नकोतच असे ठरवले, ते काढून भेगा बुजवल्या आणि वर बोटींना लावतात तसले इपॉक्सी चढवले. 1976 च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने बेसवादनाची दिशाच बदलली. एकाने काही बदलले नाही, दुसऱ्याने सगळे बदलले. पण दोघांनाही आपल्याला कोणता आवाज हवा हे आधी ठाऊक होते.

झटका थट्टेवारी नेऊ नका

राहिला तो विजेचा झटका. ताईची भीती अनाठायी नव्हती. 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे याने मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावला आणि त्यात त्याचा जीव गेला.

असे का होते? गिटारच्या तारा वायरमधून अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. माइक दुसऱ्याच यंत्राला जोडलेला असतो. दोहोंपैकी एकाचे अर्थिंग नसेल आणि त्यात वीज उतरली असेल, तर हात तारांवर आणि ओठ माइकवर असलेला माणूस हाच मधला पूल बनतो. दोष वाद्याचा नसतो. लाखाचा बेस घेतला असता तरी त्या रात्री झटका बसलाच असता.

आयोजकांना आणि मुलांना या गोष्टी आधीच सांगून ठेवा :

• तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कधीही तोडू नका. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती काढणारे महाभाग भेटतात.

• मंचावरची सर्व यंत्रे एकाच, अर्थिंग असलेल्या जागेवरून वीज घेतील असे पाहा. फेज, न्यूट्रल आणि अर्थ बरोबर आहेत की नाहीत, ते वायरमनकडून तपासून घ्या.

• त्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. लावायला सांगा. वीज गळू लागताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो.

• वाजवण्यापूर्वी माइकच्या जाळीला ओठ लावू नका. टेस्टर लावून पाहा, दिवा लागला तर कार्यक्रम थांबवा. दिवा लागला नाही म्हणजे सगळे ठीक, असेही समजू नका. माइकवर स्पंजची टोपी असावी, पण ती अर्थिंगला पर्याय नाही.

• ओल्या जमिनीवर, अनवाणी वाजवू नका.

कानांचेही तेच. 85 डेसिबलचा आवाज आठ तास ऐकणे ही कानांच्या सुरक्षिततेची मर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ड्रमशेजारी उभे राहणाऱ्या बेसवादकाने कानात बोळे घालण्याची लाज वाटून घेऊ नये.

मंडपात बेस 'गुडगुड' होऊन पसरतो अशी तक्रार नेहमी असते. कापडी भिंती वरचे सूर शोषतात, खालचे शोषत नाहीत. अशा वेळी बेसचा खर्ज वाढवण्याऐवजी तो थोडा कमी करून मधले सूर वाढवावेत, म्हणजे प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. आणि की-बोर्डच्या लहान अँप्लिफायरला बेस जोडू नये, त्याचा स्पीकर फाटतो. डी.आय. बॉक्स नावाची छोटी पेटी मिळते, तिच्यातून बेस सरळ मुख्य ध्वनियंत्रणेत देता येतो.

विकायचे की ठेवायचे?

परतीच्या लोकलमध्ये भाच्याने मला मोहिनी डे हिचे वादन मोबाइलवर ऐकवले. ही बंगाली घरातली मुलगी मुंबईत वाढली. वडील सुजय डे स्वतः बेसवादक. त्यांनीच तिला अगदी लहानपणी धडे दिले. ए. आर. रहमान आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर ती वाजवत आली आणि 2023 मध्ये तिचा स्वतःच्या नावाचा अल्बम आला. "मामा, बंगाली मुलगी महाराष्ट्रात बेस वाजवते, मग मराठी मुलानं बंगालमध्ये वाजवला तर काय बिघडलं?" या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

प्रत्येक मूल मोहिनी होणार नाही, हे आईवडिलांना माहीत असते आणि बहुधा मुलांनाही. पण आपल्या वाद्याचे पोट उघडून त्यातली सुटलेली तार शोधणारा, कार्यक्रमाआधी टेस्टर घेऊन माइक तपासणारा मुलगा काहीतरी कामाचे शिकतो आहे, हे भावोजींनाही पटले. डेपोत रोज ज्या अर्थिंगची काळजी ते घेतात, तेच मुलगा घरात बोलू लागला होता. दुरुस्तीला नव्या बेसच्या किमतीचा अगदी लहानसा हिस्सा लागला. नव्या वाद्याचा विषय पदवी परीक्षेनंतर काढायचा, असा तह झाला.

सरस्वतीपूजेला बंगालमध्ये घरोघरी पुस्तके आणि वाद्ये देवीपुढे ठेवतात. त्या सकाळी मी फोन केला तेव्हा ताई घाईत होती. "अरे, संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम आहे," ती म्हणाली.

"आणि बेस?"

"देवीपुढे ठेवलाय. हळदकुंकू लावलं, पण तारांना नाही हं! गंजतात म्हणे." क्षणभर थांबून ती पुढे म्हणाली, "आणि त्याला म्हटलंय, माइक आधी तुझे बाबा तपासतील, मगच तू गायचं."

रात्री उशिरा भाच्याचा निरोप आला. त्यात दोनच शब्द होते : "भुंगा गेला."